झुडपी जंगलाची हजेरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सुचवलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, तेव्हा ते साहजिकच होतं. पण त्या विषयावर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत. मला बोलायचं आहे ते शाळेमागच्या बोडीपलीकडच्या बरडाबद्दल. आपण बोरं वेचायला जायचो तोच बरड. तलाठ्याकडच्या कागदावर त्याचं नाव 'झुडपी जंगल' असं आहे.

हा शब्द खास आपला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सोडून बाहेरच्या मराठी माणसाला सांगा, तो विचारतो, "जंगल की झुडपं, एक काय ते सांगा." पुण्याच्या ऑफिसात मी हे किती वेळा ऐकलंय! आपला जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. तिकडच्या महसुली कागदांत आजही 'छोटे झाड का जंगल' आणि 'बडे झाड का जंगल' असे प्रकार दिसतात. आपलं झुडपी त्याच कुळातलं. जिथं धानाची बांधी पडत नाही आणि सागाचं रानही उभं राहत नाही, अशी मुरमाड, बरडी जमीन. गावची ढोरं तिथं चरायची, काड्या तिथून यायच्या. 1951 ला मालगुजारी गेली, पण गावाचा निस्तार राहिला. 1966 च्या जमीन महसूल संहितेतही कलम 161 मध्ये निस्तार पत्रकाची तरतूद आहे. कोणत्या गावानं कुठं चारायचं, कुठून काय आणायचं, हे त्यात लिहिलेलं असतं.

मग 1980 चा वन संवर्धन कायदा आला, 1996 च्या 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा मोठा आदेश आला, आणि नाव 'जंगल' असल्यामुळं ही जमीन वन की महसूल, हा वाद सुरू झाला. तो किती वर्षं चालला ते तुम्ही पाहिलंच आहे. कुणाची शाळा झुडपीवर, कुणाचं स्मशान झुडपीवर, कुणाचं घरकुल अडलेलं. वनाला अयोग्य ठरवलेलं झुडपीच सुमारे 86 हजार हेक्टर. अखेर 2025 च्या 22 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच आहे असा निकाल दिला. 1996 च्या त्या तारखेआधी दिलेल्या जमिनींसाठी राज्यानं केंद्राकडं मंजुरी मागायची, अशी वाटही ठेवली.

निकालानंतर गावात मामाकडं गेले होते. मामाचा पहिला प्रश्न होता, "आता ढोरं नेऊ देतील का बाई?" मामाकडं चार गायी आणि काही शेळ्या आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून बैल गेले, पण शेळ्या आहेत, आणि त्यांचं पोट त्या बरडावर आहे. वकील मंडळी इथं बसलेली आहेत, म्हणून कायद्यात मी फार शिरत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे, एवढं मामाला सांगितलं. पण ग्रामसभेला हक्क मिळाला की पुढं जमीन सांभाळायचीही असते. कुठं चारायचं, कुठं बंदी ठेवायची, किती वर्षं, हे ठरवायचं कशावरून? इथून माझा विषय सुरू होतो.

गेली काही वर्षं माझं काम जुन्या पर्यावरणीय मोजमापांचा डेटा एकत्र लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. त्यात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडा नावाच्या कुरणाशी ओळख झाली. तिथं वर्षाला 250 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडं 1300 च्या घरात, तेव्हा तुलना जपूनच करायची. 1912 साली सरकारनं ते कुरण संशोधनासाठी राखलं. 1915 पासून तिथं जमिनीवर एक मीटर लांबी-रुंदीच्या पक्क्या चौकटी आखल्या आणि त्यांतल्या गवताचा प्रत्येक ठोंब कागदावर काढायला सुरुवात केली. पुढं वर्षानुवर्षं त्याच चौकटी, त्याच खुणा. शास्त्रज्ञ निवृत्त झाले, वारले, चौकटी राहिल्या.

त्याहून मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. 1858 साली तिथं जमिनीचे तुकडे पाडायला मोजणीदार गेले होते. त्यांना गवताशी घेणंदेणं नव्हतं. पण प्रत्येक मुक्कामी त्यांनी वहीत लिहून ठेवलं, इथं गवत चांगलं, इथं झुडपं. शंभर वर्षांनी संशोधकांनी त्या वह्या काढल्या आणि 1963 च्या स्थितीशी ताडून पाहिलं. 1858 मध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जागेवर चांगलं गवत होतं. 1963 मध्ये ते पंचवीस टक्क्यांच्याही खाली. बाकी जागा काटेरी झुडपांनी घेतलेली. कारणं अनेक निघाली. अतिचराई, 1950 च्या दशकातला लांबलेला दुष्काळ, आणि गुरांच्या शेणातून पसरलेलं त्या झुडपाचं बी. आणि नंतर असं दिसलं की, गुरं काढून घेतली तरी बऱ्याच ठिकाणी गवत परत आलं नाही. एका मर्यादेपलीकडं गेलेली जमीन नुसती चराई थांबवून मागं फिरत नाही. हे पाच वर्षांच्या प्रकल्पात कुणालाही कळलं नसतं. पाच वर्षांत फार तर एक चांगला पाऊस आणि एक वाईट पाऊस दिसतो, आणि माणूस त्यावरूनच सिद्धांत मांडून मोकळा होतो.

आपल्याकडच्या मोजणीदारांच्या वह्या कुठं आहेत? आहेत की! 1860 च्या दशकात भंडाऱ्याचा जमाबंदीचा अहवाल झाला, 1908 साली रसेलचं जिल्हा गॅझेटियर आलं. गावोगावचे निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज. कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी, अशी मातीची नावं महसुली कागदात तेव्हापासूनची. म्हणजे जमीन वाचणारी भाषा आपल्याकडं होती. गवताचंही शास्त्र देशात झालं आहे. 1962 मध्ये झाशीला भारतीय चराई आणि चारा संशोधन संस्था निघाली, 1973 मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांचं भारतातल्या गवताच्छादनावरचं पुस्तक आलं. आपला भाग त्यांनी पवन्या-मारवेलच्या पट्ट्यात टाकला आहे. जमीन चांगली असली की हे बारमाही गवत टिकतं. चराईचा ताण वाढला की ते मागं हटतं, कुसळी पुढं येते, आणि त्याहून बिघडलं की तरोटा आणि रायमुनिया. मामा हे सगळं न वाचता सांगतो. त्याच्या लहानपणी आखरावरून निघालेली ढोरं पवन्यात पोटापर्यंत बुडायची, असं तो म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. पण वन अधिकारी का ठेवील? लिहिलेलं काही नाही.

लिहिलेलं नसलं की काय होतं? मोकळी जागा दिसली की झाडं लावा. दिसायला पुण्याचं काम. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला उघडं गवताळ रान लागतं. त्या भागात माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली, ती पसरली, आणि माळ माळ राहिला नाही. माळढोक कमी होण्याची कारणं आणखीही आहेत, पण हे त्यातलं एक. झुडपीच्या निकालात न्यायालयानं एक गोष्ट माझ्या मते फार चांगली केली. दुसरीकडं जंगल तोडल्याची भरपाई म्हणून झुडपीवर सर्रास झाडं लावता येणार नाहीत. बिगरवन जमीन उपलब्धच नाही असं मुख्य सचिवांनी लिहून दिलं तरच. यावर आपल्या पेपरांत फार थोडं छापून आलं.

माझ्या व्यवसायातले लोक विचारतील, "उपग्रह आहेत ना?" आहेत. 1972 पासूनचे लँडसॅटचे फोटो फुकट मिळतात, 2015 पासून सेंटिनेलचे दहा मीटरपर्यंतचे. मी तेच रोज चाळते. आपल्या बरडाचेही काढून पाहिले. गेल्या काही वर्षांत तो हिरवा दिसतो. पण तो पवन्यानं हिरवा की रायमुनियानं, हे त्या फोटोवरून ठरवणं अवघड. शेळीला ते एका घासात कळतं. वरून पाहिलेल्या हिरव्या ठिपक्याला खाली जाऊन कुणीतरी नाव द्यावं लागतं. ते काम संगणकाचं नाही.

म्हणून माझी मागणी. मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधायची असं घाटतंय. जरूर बांधा. त्यातले थोडे पैसे मला द्या. बरडावर एक मीटरच्या वीस चौकटी, चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकून. दहा चौकटींभोवती कुंपण, दहा उघड्या. दोन्ही नसल्या तर गवत पावसानं गेलं की ढोरांनी, हे कधीच सांगता येणार नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या मधे, गवत फुलोऱ्यात असताना, नववीच्या पोरांनी जाऊन कुठलं गवत किती, हे वहीत लिहायचं. ठरलेल्या खुंटीवरून ठरलेल्या दिशेला एक फोटो. सोबत गावातले एक ढोरकी, मानधन देऊन, कारण निम्मी गवतं मुलांना तेच ओळखायला शिकवतील. कुंपणासाठी ग्रामसभेची आणि वनखात्याची परवानगी लागेल. अर्ज मी लिहून आणला आहे, सरपंचताईंशी बोलणंही झालं आहे. कुंपणाची जागा चराईच्या वाटेत येऊ नये, एवढीच त्यांची अट आहे.

वहीचे नियम साधे आहेत. पेन्सिल नाही, शाई. खोडायचं नाही. चुकलं तर शेजारी नवी नोंद, तारीख आणि सही. आमच्या डेटाबेसमध्येही हेच चालतं. एक प्रत शाळेच्या कपाटात, एक ग्रामपंचायतीत, आणि स्कॅन केलेली माझ्याकडं. सॉफ्टवेअरचं काम मी विनामूल्य करीन. पण सॉफ्टवेअर बदलत राहणार, म्हणून कागद हवाच.

खुंट्या आपल्याच तुकडीतल्या एका मित्राच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार आहेत, त्यानं पैसे घेतले नाहीत. वनस्पतिशास्त्र शिकवणारे किंवा शिकलेले आपल्यात किमान दोन जण हवेत, पहिली तीन वर्षं तरी. जेवणाच्या मंडपात उजवीकडच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव आणि फोन नंबर तिथं लिहावा.