उतारावरची काठी

पावसाळा सरला की कळसूबाईच्या वाटेवर सुटीच्या दिवशी गर्दी होते. हल्ली बऱ्याच जणांच्या हातात घडीच्या काठ्या, म्हणजे ट्रेकिंग पोल, दिसतात. चांगलीच गोष्ट आहे. पण चढताना टेकत टेकत वर नेलेली काठी उतरताना अनेकजण सॅकला अडकवून मोकळे होतात. खरं तर तिची गरज उतरतानाच जास्त असते.

चढताना लागलेला दम घटकाभर बसलं की जातो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला सॅकसकट सगळं वजन गुडघ्यावर येतं आणि मांड्या ते झेलून झेलून थकतात. त्यातलं थोडं वजन दंड-खांद्यांवर घ्यायचं, एवढंच काठीचं काम.

आधी लांबी बघा. सपाटीवर काठी टेकून उभं राहिल्यावर कोपर काटकोनात यायला हवं. चढावर याहून पाच-दहा सेंटिमीटर आखूड, उतारावर तेवढीच लांब. उतारावर आखूड राहिली तर माणूस पुढे वाकतो आणि तोल जातो. लांबी पक्की करणारे खटके घट्ट बसलेत ना, हे भार देऊन तपासा.

आणि उतरताना आधी काठी, मग पाऊल. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर तर हे फार जपायला हवं. कातळावर सुटा मुरूम पसरलेला असतो, पाय गोट्यांवर पडल्यासारखा सटकतो. टोक त्या मुरमातून खालच्या घट्ट भागाला लागू द्या, थोडं दाबून पाहा, मगच पाय टाका. तरीही सगळा भार काठीवर नको. काठी निसटली तरी पायांवर उभं राहता आलं पाहिजे.

मुठीजवळच्या पट्ट्यात हात खालून वर घालावा आणि पट्ट्यासकट मूठ धरावी. मग भार मनगटावर येतो, बोटं आवळावी लागत नाहीत. मोठ्या धोंड्यांमधून उतरताना मात्र हात पट्ट्यातून काढा. टोक फटीत अडकलं आणि आपण पुढे पडलो, तर मनगट मुरगळतं.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर काही जण काठ्या मनगटाला लटकवूनच चढतात. काठी पायऱ्यांत अडकते, मागच्याच्या तोंडाशी टोक येतं. मला ते पाहवत नाही. शिडी आली की थांबा, काठ्या मिटा, सॅकला बांधा. दोन्ही हात शिडीला हवेत. कातळटप्प्यावरही तेच.

घडीची काठी नसली तर घरून आणलेली बांबूची सरळ काठीही चालेल. वाटेतली कारवी तोडू नका, हा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

पावसातून आलात तर घरी काठीचे भाग सुटे करा, पुसा आणि पुरते वाळल्यावरच जोडा. ओल आत राहिली की खटके आणि जोड खराब होतात.