वालूरची बारव

परभणी जिल्ह्यात प्रवासी उतरतो तो बहुधा साईबाबांच्या पाथरीसाठी नाहीतर जनाबाईंच्या गंगाखेडसाठी. मनमाड-परभणी मार्गावरच्या सेलू स्थानकावर उतरून वालूरला जाणारे मोजकेच. खरं तर जावं वालूरलाच.

बारवा मराठवाड्याला नव्या नाहीत. बहुतेक बारवांच्या पायऱ्या सरळ टप्प्याटप्प्यानं खाली जातात. वालूरच्या बारवेत मात्र त्या गोल वळसे घेत पाण्यापर्यंत पोचतात. अशी चक्राकार बारव दुर्मीळच. कित्येक वर्षं ती गाळानं आणि कचऱ्यानं भरली होती. 2021च्या सुमारास गावकऱ्यांनीच श्रमदान करून ती उपसली.

हाताशी वेळ असेल तर जिंतूर तालुक्यातलं चारठाणाही पाहा. यादवकालीन देवळं, उंच दगडी स्तंभ आणि बारव तिथं वस्तीतच आहेत. तिकीटखिडकी शोधत बसू नका. मुक्काम जिंतूर किंवा सेलूलाच करावा लागेल. मे महिना टाळा, इथलं ऊन पाहुणा ओळखत नाही. दिवाळीनंतर या, वाटेत कापसाची वेचणी चालू असेल. आणि बारवेत उतरताना चपला वर काढून ठेवा. गावाला बरं वाटतं.