मुखवट्यापासून पडद्यापर्यंत

मराठीच्या प्रश्नपत्रिकेंत एक प्रश्न हमखास असतो : अमक्या पात्राचें स्वभावचित्र रेखाटा. त्याचें उत्तरही हमखास ठरलेलें असतें. प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, करारी अशा विशेषणांची मोळी बांधली कीं गुण पदरांत पडतात. पण तें पात्र प्रेमळ कशावरून, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अशा रीतीनें शिकविलेली माणूस ओळखण्याची विद्या परीक्षेनंतर उपयोगीं पडत नाहीं. तिला पुन्हा डोळे द्यावयाचे असतील तर चित्रपट हें उत्तम साधन आहे. आणि त्याची पूर्वतयारी कोठें झालेली आहे हें पाहावयाचें असेल तर जव्हार-मोखाड्याकडे वळावें.

२०१४ सालीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांतील हे दोन डोंगराळ तालुके. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या लोकांची येथें वस्ती. उन्हाळ्याच्या दिवसांत इथल्या गांवांतून बोहाडा रंगतो. रात्रीं मशालींच्या उजेडांत, सांबळ आणि सनई यांच्या साथीवर देवदानवांचीं सोंगें एकामागून एक नाचत येतात. लांकडाच्या अगर कागदी लगद्याच्या मुखवट्याला भुवई उंचावतां येत नाहीं, कीं ओठ मुडपतां येत नाहीं. तरीही प्रेक्षक देव आणि दैत्य यांचा स्वभाव ओळखतात. चालीवरून, खांद्यांच्या ठेवणीवरून, पाऊल टाकण्याच्या वेगावरून. वर्गांत मुखदुर्बळ ठरलेलें मूल या विद्येंत आधींच पुष्कळ पुढें गेलेलें असतें.

अचल चेहऱ्याची हीच गोष्ट चित्रपटविद्येनेंही दाखविली. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव यानें १९२० च्या सुमारास मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या दृश्यांशीं जोडला. साराच्या वाडग्यानंतर तो भुकेला भासला, शवपेटीनंतर तोच शोकाकुल वाटला. चेहरा बदलला नव्हता. भाव प्रेक्षकाच्या मनांत जुळला होता. म्हणून शिक्षकाचा पहिला धडा हाच, कीं दिसलें काय आणि मानलें काय, यांतील भेद मुलांना कळावा.

त्यासाठीं सबंध चित्रपट नको. दहा मिनिटांचा एक प्रसंग पुरे. साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं काढलेला आणि पहिल्या राष्ट्रपति-सुवर्णपदकाचा मानकरी ठरलेला 'श्यामची आई' हा चित्रपट घ्यावा. पोहावयास भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते, हा त्यांतील प्रसंग प्रथम आवाज बंद करून दाखवावा. मुलांनीं केवळ पाहिलेलें सांगावें : हात काय करीत होते, नजर कोठें होती, पाऊल कोठें अडलें. मग तोच प्रसंग आवाजासह दाखवून विचारावें : ही आई कठोर कीं प्रेमळ? कोणी एक म्हणेल, कोणी दुसरें. परंतु प्रत्येकानें आपल्या मतासाठीं एक तरी कृति दाखवावी. एकाच हातांत मार आणि माया दोन्ही असूं शकतात हें उमगलें, कीं विशेषणांची मोळी आपोआप सुटते.

वरच्या वर्गांना जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या 'जैत रे जैत'मधील निवडक भाग दाखवावेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील ही कर्नाळ्याच्या परिसरांतील ठाकरांची कथा. राणी माशीनें डोळा हिरावलेला नाग्या मधाचीं पोळीं उतरविण्याचा ध्यास घेतो, आणि त्या ध्यासाची किंमत चिंधीला प्राणांनीं द्यावी लागते. नाग्या शूर कीं हट्टी, हा वाद येथें खरा रंगेल. कारण रान आणि कडे हीं या मुलांच्या रोजच्या पाहण्यांतलीं. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील या शहरी नटांनीं उभे केलेले ठाकर कोठें खरे वाटले आणि कोठें नाहींत, हें तीं शिक्षकालाच समजावून देऊं शकतील. त्या दिवशीं शिक्षकानें खुशाल विद्यार्थी व्हावें.

पाहणें झालें, कीं सांगणें आलें. येथें घाई केली तर सगळेंच फसतें. घरीं वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशीं प्रमाण मराठींत भाषण करावयास उभें केलें, तर तें मुकें होतें. आणि मग त्याला बुद्धि नाहीं असा निष्कर्ष निघतो. म्हणून प्रथम पात्राची नुसती चाल करून दाखवावी. सोंगांच्या मुलखांत हें अवघड नाहीं. नंतर घरच्या बोलींत त्या पात्राचें मनोगत सांगावें, आणि शेवटीं तेंच मराठींत वर्गापुढें मांडावें : माझें मत हें, त्याचा पुरावा हा. नटाच्या आवाजाची नक्कल मात्र परीक्षण समजूं नये. नकलेला कान पुरतो, परीक्षणाला कारण लागतें.

प्रश्न केवळ गुणांचा असता, तर एवढा खटाटोप नको होता. पण या डोंगरांतील लोक कसे आहेत, हें आजवर बहुधा बाहेरून आलेल्यांनींच सांगितलें. भोळे, आळशी, रानटी, निरागस अशीं विशेषणें त्यांनीं सोयीप्रमाणें वांटलीं. पडद्यावरच्या माणसाविषयीं "कशावरून?" असें विचारावयास शिकलेलें मूल उद्यां आपल्यावर चिकटविलेल्या विशेषणालाही तोच प्रश्न विचारील. आणि उत्तर देण्याचें धैर्यही त्याला याच वर्गांत लाभलेलें असेल.