एकोणतिसाचा पाढा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात ओझर येथे केलेले भाषण)



वधूवर-परिचयाच्या प्रसंगी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. सेवानिवृत्त शिक्षकास चार शब्दांत थांबविण्याचे काम अध्यक्षांकडे सोपविलेले असावे!

विवाहावरील विनोद मराठीत विपुल आहे. परंतु हसे कोणाचे होते, हे पाहिले पाहिजे. देवलांच्या १८९९ सालच्या 'संगीत शारदा' नाटकात फजिती होते ती बोहल्यावर चढू पाहणाऱ्या जरठ भुजंगनाथाची. अजाण शारदेची नव्हे. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास 'शारदा' हे नाव या नाटकावरून मिळाले, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून ते पडले. त्या कायद्याने मुलीचे किमान वय १४ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. ज्याची नाटककाराने आधी फजिती केली, त्याची वाट कायद्याने मागाहून अडविली.

मुलगी पाहण्याच्या बैठकीत मात्र हसे उलट बाजूस होई. १९८५ साली, चंपाषष्ठीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही काकांसह मुलगी पाहावयास गेलो. येथील खंडोबाच्या यात्रेतील भंडारा अद्याप आमच्या कॉलरवर होता. काकांनी कन्येस चालविले, सुईत दोरा ओवावयास लाविले आणि विचारले, "आमटी खारट झाली तर काय करशील?" मंडळी खो खो हसली. कन्येने मान खाली घातली. त्या हसण्यात आम्हीही होतो, हे सांगताना आज संकोच वाटतो.

कन्या आत गेली. तोच तिची आजी आम्हांस म्हणाली, "मास्तर, आता तुम्ही एकोणतिसाचा पाढा म्हणा बरं!"

आम्ही उत्साहाने आरंभ केला. 'एकोणतीस सक' निभावले. 'साता'पाशी गाडी रुतली. घाम पुसण्यास रुमाल काढावा, तर त्याचाही भंडारा कपाळास लागला. एवढ्यात दाराआडून हलकेच शब्द आले, "दोनशे तीन."

आता हसण्याची पाळी त्या घराची होती. काका घाईने म्हणाले, "मुलगी पसंत आहे." आजी शांतपणे म्हणाली, "मुलाचं आम्ही विचार करून कळवू."

ते आठ दिवस आम्ही कसे काढले, ते आमचे आम्हांसच ठाऊक. पसंतीची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या आठ दिवसांत प्रथम कळले. आणि ती खाली गेलेली मान वारंवार आठवली. अखेर होकार आला, पाढा पाठ करण्याच्या अटीवर!

म्हणून वडीलधाऱ्यांस विनंती, की आज जो प्रश्न मुलीस विचाराल, तोच मुलासही विचारा. हसावयाचे असेल तर दोन्ही घरे मिळून हसू द्या.

आमच्या घरी आजही वाणसामानाची बेरीज चुकली, की स्वयंपाकघरातून विचारणा होते, "एकोणतीस साता किती?" आम्ही तत्काळ उत्तर देतो. संसारातील तेवढा एक पाढा आमचा पक्का झाला आहे.