गवत्या मासा आणि त्याचा लौकिक

कोणाचा लौकिक कसा आहे असें विचारतांना, तो कोणापाशीं तसा आहे, हा पोटप्रश्नहि विचारावा हें बरें. गवत्या मासा हें त्याचें चांगलें उदाहरण आहे. इंग्रजींत त्यास ग्रास कार्प म्हणतात; महाराष्ट्रांतील तळ्यांच्या कांठीं मात्र गवत्या हेंच नांव रूढ आहे. चिनी शेतकऱ्याच्या लेखीं तो घरचा मासा; तळ्याच्या मालकाच्या लेखीं बिनपगारी माळी; अमेरिकेंतील पुष्कळ गळवाल्यांच्या लेखीं नासधूस करणारा उपरा; आणि ज्यानें एकदां त्यास गळाला लाविलें आहे त्याच्या लेखीं मोठा फसवा मल्ल. एकाच प्राण्यास इतकीं नांवें कशीं मिळालीं, हें पाहण्यासारखें आहे.

ह्या माशाचें मूळ घर पूर्व आशियांत, उत्तरेस आमूर नदीपासून दक्षिणेस व्हिएतनामच्या उत्तर भागापर्यंत आहे. लांबट व गोलसर अंग, मोठे खवले, रुंद कपाळ आणि मिशांचा पूर्ण अभाव, ह्या त्याच्या खुणा होत. त्याचे दात तोंडांत नसून घशांत असतात व ते कंगव्याच्या दात्यांसारखे दिसतात. त्यांनीं तो पाण्यांतील गवत कापतो आणि रगडतो. पाणी उबदार असलें म्हणजे वाढत्या वयाचा मासा एका दिवसांत जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकें गवत फस्त करतो. आंतडें मात्र आखूड. त्यामुळें खाल्लेल्यापैकीं बराच भाग अर्धवट पचून बाहेर पडतो, आणि त्या खतावर सूक्ष्म जीव वाढून तळ्यांतील इतर माशांचें पोषण होतें. चिनी मत्स्यशेतीनें हें मर्म फार पूर्वीं ओळखलें. तांग घराण्याच्या काळीं राजाचें आडनांव आणि साध्या कार्प माशाचें नांव यांचा उच्चार 'ली' असा एकच होता. म्हणून तो मासा धरण्यास बंदी झाली व लोक गवत्याकडे आणि त्याच्या तीन भाऊबंदांकडे वळले, असें सांगतात. हांगचौ शहरांतील शिर्का घालून केलेलें माशाचें प्रसिद्ध पक्वान्न ह्याच माशाचें होतें. तेथील गळवाले बोरूचे कोवळे गाभे किंवा मक्याचे दाणे गळाला लावून त्याची वाट पाहत बसतात. स्वदेशांत त्याच्या प्रतिष्ठेबद्दल वाद नाहीं.

वाद सुरू झाला तो परदेशगमनानंतर. ह्या माशाचीं अंडीं वाहत्या पाण्यांत तरंगत तरंगत दूर जातात आणि वाटेंतच फुटतात. स्थिर तळ्यांत त्याची वीण होत नाहीं. तेव्हां पाहिजे तितके मासे सोडावे, गवत खाववून घ्यावें, आणि संख्या वाढण्याची भीति नसावी, असा सोयीचा हिशेब पुष्कळ देशांनीं केला. भारतांत १९५७ सालीं हिरालाल चौधुरी यांनीं माशांस पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोंचून अंडीं घालावयास लावण्याचा प्रयोग ओरिसांत यशस्वी केला होता. १९५९ सालीं गवत्या हाँगकाँगहून कटक येथें आला आणि १९६२ सालीं त्याच रीतीनें त्याची वीण करविण्यांत आली. कटला, रोहू व मृगळ ह्यांच्या पंक्तीस तो तेव्हांपासून बसला. अमेरिकेंत तो १९६३ सालीं अलाबामा व आर्कान्सा ह्या राज्यांत आणला गेला. विषारी औषधें न घालतां पाण्यांतील तण निघावें, हा हेतु खचित चांगला होता.

आतां गळवाल्यांकडे वळावें. ज्याच्या काठीला गवत्या कधीं लागला नाहीं, तो त्यास मंद समजतो; कारण उन्हाळ्याच्या दुपारीं हे मासे पाण्याच्या वरच्या थरांत ओंडक्यांसारखे स्तब्ध पडलेले दिसतात. पण कांठावर पाऊल जोरानें पडलें, माणसाची सांवली पाण्यावर हालली, कीं ते ओंडके क्षणांत नाहींसे होतात. आमिषाच्या बाबतींतहि त्याची परीक्षा कठीण असते. गांडुळावर तो क्वचितच भुलतो. मक्याचे दाणे, पावाचा तुकडा, लहान टोमॅटो, नाहीं तर त्याच कांठचें कोवळें गवत, असा शाकाहारी फराळ त्यास लागतो. जाणते लोक एकच जागा ठरवून तेथें कांहीं दिवस मका टाकीत राहतात आणि माशांना जागेची संवय लागल्यावरच गळ घालतात. दोरा बारीक, गळ लहान, आणि बसणारा मुका असावा, हे त्या विद्येचे तीन नियम.

मासा गळाला लागल्यावर खरी गंमत होते. तो फारशी झुंज न देतां, दोरी लावलेल्या गरीब वासराप्रमाणें कांठाकडे चालत येतो. नवशिक्याला वाटतें, इतक्या मोठ्या देहांत जीव तो एवढाच! तो हातजाळें पुढें करतो; आणि तें जाळें दिसतांच माशाच्या अंगांत जणूं वीज संचारते. पाणी फेंसाळतें, दोरा करकरत सुटतो, आणि पुष्कळदां काठीसह मालकाची फजिती होते. पहिल्या खेपेची ही शरणागति खोटी असते, हें इंग्लंडमधील जुने गळवाले नवख्यांना आधींच बजावून ठेवतात. ते आणखी एक गोष्ट शिकवितात. हा मासा जमिनीवर आल्यावरहि थांबत नाहीं. आपटून आपटून स्वतःलाच जखमी करून घेतो. म्हणून गळ काढण्यासाठीं ओली, मऊ गादी आधींच अंथरावी, माशाला जाळ्यांत, पाण्यांतच, थोडा विसावा द्यावा, आणि मग काम उरकून त्यास सोडावें. जो दमानें पकडतो त्यानें दमानेंच सोडावें, हा ह्या छंदांतील सभ्यपणा होय.

एवढे गुण असूनहि अमेरिकेंत त्याचें नांव पुष्कळांच्या तोंडीं शिवीसारखें झालें, ह्याचें कारण टेक्सास राज्यांतील कॉनरो जलाशयाच्या इतिहासांत सांपडतें. ह्यूस्टन शहराजवळच्या ह्या जलाशयांत हायड्रिला नांवाची पाणवनस्पति बेसुमार माजली. नावा चालविणारे व कांठचे घरवाले त्रासले. गळवाले मात्र खूष होते, कारण त्यांचा आवडता बास मासा त्याच झुडुपांच्या आडोशाला राहतो. शेवटीं १९८१ व १९८२ ह्या दोन सालांत तेथें २,७०,००० गवत्ये सोडण्यांत आले. १९८३ सालापर्यंत हायड्रिला तर गेलीच, पण तिच्याबरोबर इतर उपयोगी वनस्पतींचाहि फडशा उडाला. बास धरणाऱ्यांचा संताप झाला आणि तो सारा माशावर निघाला. गंमत अशी, कीं पुढें हायड्रिला परत आली, तेव्हां २००६ सालापासून पुन्हां गवत्यालाच बोलावणें धाडावें लागलें. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण येथें लागू पडते. फक्त वैद्याला औषधाचें प्रमाण ठरविण्याचा अधिकार नव्हता. किती मासे सोडावे हें माणसानें ठरविलें, आणि दोष मात्र माशाच्या पदरीं आला.

'स्थिर पाण्यांत वीण नाहीं' हा हिशेबहि अपुराच ठरला. तळें स्थिर असलें तरी पुराचें पाणी स्थिर नसतें. मासे निसटून मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत पसरले आणि तेथें वाढले. तेव्हां अंड्यांस दाब किंवा उष्णता देऊन गुणसूत्रांचे तीन संच असलेले वांझ मासे तयार करण्याची युक्ति निघाली. १९८० नंतरच्या दशकांत ती रूढ झाली. तरीहि ईरी सरोवरास मिळणाऱ्या सँडस्की नदींत २०१२ सालीं धरलेले मासे तेथेंच जन्मलेले होते, असें शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं जाहीर केलें. २०१५ सालीं त्या नदींत अंडींहि मिळालीं. महासरोवरांच्या कांठच्या पाणथळ जागा म्हणजे पक्ष्यांचीं व लहान माशांचीं घरें. तेथील वनस्पति एकदां खाल्ल्या गेल्या तर तीं घरें पुन्हां कोण बांधणार, ही चिंता रास्तच आहे.

ह्यामुळें गळवाल्यावर एक विलक्षण जबाबदारी येऊन पडली आहे. तण काढण्यासाठीं परवानगीनें वांझ मासे सोडलेल्या तलावांत हातीं आलेला गवत्या जिवंत परत सोडणें हें कर्तव्य; आणि जेथें तो उपरा म्हणून शिरला आहे तेथें त्याच माशाला परत सोडणें हा अपराध. मासा तोच, गळ तोच, मनुष्यहि तोच. पाणी बदललें कीं धर्म बदलला. म्हणून काठी उचलण्यापूर्वीं त्या पाण्याचा नियम विचारून घेणें हें आमिष तयार करण्याइतकेंच आवश्यक झालें आहे. आमिषासाठीं आणलेले किंवा घरच्या हौदांत वाढविलेले मासे नको झाले म्हणून नदींत ओतून देण्याची संवय तर सर्वच देशांत सोडून द्यावयास हवी.

गवत्यानें कोठेंहि आपला स्वभाव बदललेला नाहीं. चीनमध्यें तो गवत खातो, कटकला गवत खातो, टेक्सासमध्येंहि गवतच खातो. बदलत गेल्या त्या माणसाच्या गरजा, आणि त्या बदलांप्रमाणें त्याच्या लौकिकाची भरती व ओहोटी झाली. माशाची कीर्ति राखावयाची असेल, तर माणसानें त्यास योग्य पाण्यांत आणि योग्य संख्येनें ठेवण्याचा विवेक राखावा.