गोळी, सुरी आणि हातातलं एक वर्ष

शहाड, मोहने, आंबिवली, उल्हासनगरपासून थेट अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या दवाखान्यांतून आज ओपीडी बंद ठेवून आलेल्या माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो,

या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही एका कुटुंबवैद्याला दिलंत, याबद्दल मनापासून आभार. हा मान माझ्यापेक्षा त्या दवाखान्यांचा आहे, जिथे बाकाला बाक लावून पेशंट बसतात आणि पडद्याच्या अलीकडचं बोलणं पलीकडे ऐकू जातं. अध्यक्षाने वैद्यकाच्या भवितव्यावर चार मोठी वाक्यं बोलावीत, असा रिवाज आहे. मी आज एकाच लहानशा तक्रारीवर बोलणार आहे. त्या पडद्यामुळेच ती आपल्यापर्यंत वेळेवर पोचत नाही. तक्रार अशी की मुलाची, किंवा बाप्याची, छाती वाढली आहे.

पुस्तकात तिला गायनेकोमास्टिया म्हणतात. आपल्याकडे मुलगा ती तोंडाने सांगत नाही. तो सर्दीसाठी येतो, खांदे पुढे टाकून बसतो, मे महिन्यात शर्टाखाली दोन बनियन घालतो. स्टेथोस्कोप लावायला गेलात तर शर्टाचं वरचं एकच बटण उघडतो. गणपती विसर्जनाला उल्हास नदीच्या घाटावर सगळी पोरं पाण्यात उतरतात, हा कपडे सांभाळायला काठावर थांबतो. आईला वाटतं लाजाळू आहे. बापाला वाटतं खातो फार.

मग एक दिवस लोकलच्या डब्यातली जाहिरात दिसते: एका तासात सपाट छाती, त्याच दिवशी घरी. दुसरीकडे कुणीतरी जिममध्ये सांगतं, ऑपरेशन कशाला, गोळी आहे. आणि तो आपल्याकडे प्रश्न घेऊन येतो: डॉक्टर, गोळीने जाईल का? या प्रश्नाचं सरळ उत्तर आपण द्यायला शिकलं पाहिजे. उत्तर असं आहे की जाते, पण थोड्यांची, आणि तीही वेळेत आलात तर.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. ज्यांची छाती वाढते त्यांतल्या बहुतेकांना ना गोळी लागते ना सुरी. नवजात बाळाची छाती आईच्या इस्ट्रोजेनमुळे फुगते आणि काही आठवड्यांत बसते; तेवढ्यात कुणी आजी ती पिळून दूध काढायला जाते आणि गळू करून ठेवते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वयात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना तरी कमी-जास्त प्रमाणात ही वाढ होते, तेरा-चौदाच्या सुमाराला ती सर्वांत जास्त असते, आणि एक ते तीन वर्षांत बहुतेकांची आपोआप ओसरते. तिसरा टप्पा पन्नाशीनंतरचा. टेस्टोस्टेरॉन उतरतं, अंगावर चरबी चढते, आणि ती चरबीच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते.

म्हणून पहिलं औषध म्हणजे आपली दोन बोटं. पेशंटला उताणा झोपवायचा, हात डोक्याखाली घ्यायला सांगायचे. अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणायची. ग्रंथी वाढली असेल तर स्तनाग्राच्या बरोबर मागे रबरासारखी चकती बोटांत अडते, बऱ्याचदा दुखते. नुसती चरबी असेल तर बोटं मध्ये काही न अडता एकमेकांना भेटतात. त्यावर कुठलीच गोळी चालत नाही, चालणं-पळणं आणि ताटातला भात कमी करणं चालतं. आणि गाठ एकाच बाजूला, स्तनाग्रापासून सरकलेली, दगडासारखी घट्ट असेल, किंवा बोंडातून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी पुढे पाठवायचं. सगळ्या स्तनकर्करोगांत पुरुषांचा वाटा साधारण एक टक्का आहे. एक टक्का म्हणजे शून्य नव्हे.

बोटं छातीवर थांबवू नका. वृषण तपासा. तिथली छोटीशी गाठ कधी कधी छातीतूनच पहिल्यांदा बोलते. वृषण लहान आणि कडक लागले तर क्लाइनफेल्टर सिंड्रोम आठवा. आणि ज्या महाराष्ट्राने कुष्ठरोगाशी एवढी मोठी झुंज दिली, तिथल्या डॉक्टरने हेही विसरू नये की कुष्ठरोग वृषणांना इजा करतो आणि काही वर्षांनी त्या माणसाची छाती वाढते.

दुसरं औषध म्हणजे पेशंटची औषधांची पिशवी. ती टेबलावर उलटी करायला सांगा. यकृताच्या किंवा हृदयाच्या आजारासाठी दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटसाठी किंवा केस गळतात म्हणून चालू असलेलं फिनास्टेराइड, मनोविकारावरचं रिस्पेरिडोन, बुरशीवरचं कीटोकोनॅझोल, जुन्या एचआयव्ही उपचारातलं इफाव्हिरेन्झ, यांतलं काही ना काही हमखास निघतं. स्पायरोनोलॅक्टोनच्या जागी एप्लेरेनोन देता येतं का, हे लिहून देणाऱ्या तज्ज्ञाला फोन करून विचारायला पाच मिनिटं लागतात. रोजची दारू आणि त्याने कडक झालेलं यकृत, डायलिसिस, वाढलेलं थायरॉइड हे पिशवीत दिसत नाहीत, ते विचारून आणि तपासून काढावे लागतात.

आपल्या भागात आणखी दोन प्रश्न विचारायलाच हवेत. पहिला, जिमला जातोस का, आणि तिथे काय घेतोस? पावडर म्हणून सांगतात, निघतं इंजेक्शन. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि ज्या छातीसाठी पोरगा घाम गाळतो तीच छाती त्याला लपवावी लागते. दुसरा प्रश्न, काम कुठे करतोस? शहाड सेंच्युरी रेयॉनच्या भोंग्यावर वाढलं, मोहने एनआरसी कारखान्यावर, अंबरनाथ आणि बदलापूर एमआयडीसीतल्या रसायन-औषधांच्या कारखान्यांवर. १९७०च्या दशकात पोर्तो रिकोतल्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यात इस्ट्रोजेनची भुकटी हाताळणाऱ्या पुरुष कामगारांच्या छात्या वाढल्याची नोंद झाली. आपल्याकडेही तसं आहे, असं मी म्हणत नाही. पण कामगार वस्तीत दवाखाना टाकलेल्या डॉक्टरच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना कोरा असू नये.

कारण सापडलं आणि दूर केलं, तर वाढ बऱ्याचदा काही महिन्यांत ओसरते. कारण सापडलं नाही, छाती दुखते आहे, मुलगा शाळेत जायला कचरतो आहे, तेव्हा गोळीचा विचार येतो. ही गोळी म्हणजे बहुतेक वेळा टॅमॉक्सिफेन. १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी ती बनवली, तेव्हा शोध चालू होता गर्भनिरोधकाचा. तिचं नाव झालं स्तनकर्करोगावर. स्तनातल्या पेशींची इस्ट्रोजेनसाठीची जागा ती अडवते, म्हणून पुरुषांच्या छातीतही चालते. पण या कामासाठी तिला अधिकृत मान्यता नाही; डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर देतात. हे पेशंटच्या घरच्यांना आधीच सांगा. नाहीतर आई खोक्यातला कागद वाचते आणि रात्री फोन येतो, ‘डॉक्टर, माझ्या पोराला कॅन्सर झालाय का?’

गोळी चालते कशी, याचा पुरावा जेवढा आहे तेवढाच सांगावा. २००४ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ३८ मुलांच्या नोंदी मांडल्या. टॅमॉक्सिफेन आणि त्याचंच भावंड रॅलॉक्सिफेन, दोन्हींवर बहुतेक मुलांची छाती कमी झाली. निम्म्याहून जास्त घट मात्र रॅलॉक्सिफेनवर ८६ टक्के मुलांत दिसली, टॅमॉक्सिफेनवर ४१ टक्के मुलांत. आकडे लोभस आहेत. पण त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला. ८० मुलांवर ॲनास्ट्रोझोल हे वेगळं औषध आणि खोटी गोळी यांची तुलना सहा महिने केली. औषधावर ३८.५ टक्के मुलांना गुण आला, खोट्या गोळीवर ३१.४ टक्के मुलांना. म्हणजे ॲनास्ट्रोझोल जवळपास कुचकामी ठरलं. आणि दुसरं, कदाचित जास्त मोलाचं, हे कळलं की सहा महिने नुसतं थांबूनही जवळपास तिघांपैकी एक मुलगा सुधारतो. छाती उतरली, तर श्रेय गोळीचं की दिवसांचं, हे कॅनडाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. युरोपियन ॲकॅडमी ऑफ अँड्रॉलॉजीने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच सरसकट औषध न देण्याचा, आधी कारण शोधून वाट पाहण्याचा, आणि जुन्या, न ओसरणाऱ्या वाढीसाठी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला.

मग गोळी कुणासाठी? माझं मत असं: सुरुवात ताजी आहे, दुखतं आहे, कारण तपासून झालं आहे, आणि थांबणं त्या माणसाला खरोखर जड जातं आहे, अशा थोड्यांसाठी. रोज १० ते २० मिलिग्रॅम, तीन महिन्यांनी पुन्हा बोटं लावून बघायचं, गुण नसेल तर बंद. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्याला देऊ नये, वॉरफरिनवर असलेल्याला देऊ नये; फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी चालू असेल तर टॅमॉक्सिफेनचा जोर उतरतो. शाळकरी मुलाला देण्याआधी हार्मोनतज्ज्ञाचं मत घ्यावं. प्रोस्टेट कर्करोगासाठी बायकॅल्युटामाइड घेणाऱ्या वडीलधाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे टॅमॉक्सिफेनने ही वाढ रोखता येते, हे चांगल्या चाचण्यांनी दाखवलं आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. पहिल्या काही महिन्यांत ही ग्रंथी मऊ असते, रक्तपुरवठा भरपूर, वाढ जिवंत. सुमारे वर्षभरानंतर तिथे तंतू माजतात, चकती चिवट होते. त्या तंतूंना इस्ट्रोजेनशी देणं-घेणं नसतं, म्हणून त्यांच्यावर गोळीची मात्रा चालत नाही. त्यानंतर उरते शस्त्रक्रिया. गोळी की सुरी, हा निवडीचा प्रश्न म्हणून पेशंटसमोर ठेवला जातो तेव्हा बहुतेकदा निवड होऊन गेलेली असते. ती केलेली असते त्या दोन बनियननी. मुरबाड-शहापूरकडची मुलं सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. वैद्यकीय तपासणीत वाढलेल्या छातीवरून त्यांतली काही परत पाठवली जातात, आणि चार वर्षं जुनी छाती घेऊन आपल्याकडे गोळी मागतात. त्यांना गोळी देणं म्हणजे भरतीचे महिने वाया घालवणं.

अशा वेळी शस्त्रक्रियेकडे पाठवताना आपल्या बोलण्यात कमीपणा नको. ती काही काल निघालेली फॅशन नाही. सातव्या शतकात एजिनाच्या पॉलने पुरुषांच्या स्तनांवरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. १९४६ साली वेब्स्टरने स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन व्रण लपवण्याची रीत मांडली, ती आजही चालते. जोडीला लायपोसक्शन आलं. चांगल्या हातात निकाल चांगला येतो. पण जाहिरातीत रक्त साठणं, स्तनाग्र बधिर होणं, मध्ये खड्डा पडणं यांचा उल्लेख नसतो, आणि विमा कंपनी बहुधा हे सौंदर्याचं काम म्हणून दावा नाकारते, हेही नसतं. ते आपण सांगायचं.

राहता राहिला बाजार. छाती बसवण्याच्या चूर्ण-कॅप्सुलांच्या जाहिराती भिंतींवर आहेत, मोबाइलवर आहेत. १९५४च्या औषधे आणि चमत्कारी उपाय कायद्याच्या यादीत स्त्रीच्या वक्षाचा आकार बदलण्याच्या जाहिरातींना मज्जाव आहे. पुरुषाच्या छातीचं नाव त्या यादीत नाही. त्या काळी ते कुणाला सुचलं नसेल. आज सुचायला हरकत नाही, आणि तशी मागणी या संमेलनाने शासनाकडे करावी, अशी माझी सूचना आहे.

आणखी दोन सूचना करतो. एक, शाळेच्या आरोग्य तपासणीत आठवी-नववीच्या मुलांना एकेकटं, दार लावून तपासावं आणि वयात येताना छाती वाढणं हे मिशी फुटण्याइतकंच स्वाभाविक आहे, हे वर्गात उघड सांगावं. दोन, आपल्या दवाखान्यातला तो पडदा काढून तिथे बंद होणारं दार बसवावं. सुताराचा खर्च आपल्याला परवडतो. त्या दारामागे मुलगा सहाव्या महिन्यात बोलला, तर त्याला थांबण्याचा, कारण काढण्याचा, गोळीचा आणि शेवटी शस्त्रक्रियेचा, असे सगळे मार्ग मोकळे असतात. तिसऱ्या वर्षी बोलला तर एकच राहतो, आणि तो आपल्या हातात नसतो.

दुपारच्या सत्रात या तिन्ही सूचनांवर चर्चा ठेवली आहे. मतभेद असतील तर खुशाल मांडा. ठराव मात्र आजच करू.