कृत्रिम पेशी : रसायनांचा दुभाषी
(उल्हासनगर कॅम्प १ येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. तेव्हा आजचा विषय ऐकून कित्येकांना नवल वाटेल. परंतु काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एका मुलीने रसायनशास्त्रात संशोधन करण्याची इच्छा दर्शविली असता, ‘त्याचा उपयोग काय?’ असे विचारून आम्हीच तिला परावृत्त केले. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस उशिरा सापडले. ते आपणांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी. त्यातील रेणूंचा स्वभाव साबणाच्या रेणूसारखा असतो. एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून दूर पळते. असे रेणू योग्य रीतीने पाण्यात मिसळले असता आपण होऊन पोकळ गोलक बनतात. त्यात निवडक द्रव्ये भरली की पेशीची नक्कल तयार होते. कॅनडात थॉमस चँग यांनी विद्यार्थिदशेतच, 1957 साली, निराळ्या प्रकारचा पातळ पडदा वापरून अशी कृत्रिम पेशी केली होती.

आता याहून पुढची गोष्ट ऐका. आपल्या या गावी सिंधी आजीचे बोलणे मराठी शेजारणीस तिचा नातू समजावून सांगतो, हे आपण नित्य पाहतो. 2014 साली इटलीतील त्रेंतो येथील शेरेफ मॅन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच दुभाषी निर्माण केला. चहाच्या पानांत अल्प प्रमाणात असणारे थिओफिलीन हे द्रव्य दम्यावर औषध म्हणून वापरतात. ई. कोलाय नावाच्या जंतूंस त्याची चाहूल लागत नाही. कृत्रिम पेशीस मात्र ती लागली. थिओफिलीन आत येताच तिच्यात एक प्रथिन तयार झाले. त्याने पडद्यास छिद्रे पाडली आणि आत साठविलेले दुसरे द्रव्य बाहेर पडले. ही भाषा जंतूंस समजत होती. त्यांनी प्रतिसाद दिला!

ही पेशी सजीव नव्हे. ती आपण होऊन वाढत नाही, प्रजा निर्माण करीत नाही. परंतु रोगाची खूण ओळखून नेमक्या जागी औषध सोडणाऱ्या पेशी पुढेमागे करता येतील, अशी शास्त्रज्ञांस आशा आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असेही कोणी समजू नये. पुण्यातील ‘आयसर’ ही संस्था 2006 साली स्थापन झाली. तेथे सुधा राजमणी यांची प्रयोगशाळा पृथ्वीवर आरंभीचे पेशीसदृश कोश कसे बनले असावेत, याचा शोध घेत आहे. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन तेथे शिकता येते.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंती आहे की, मुलीने अशी इच्छा बोलून दाखविल्यास आमच्यासारखा प्रश्न विचारू नये. आणि कार्यकारी मंडळाने अशा विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्तीचा विचार करावा. तिच्या निधीत आमची यथाशक्ति भर राहील.